घरून नेलेला स्कूप

काजू-बदामाचा कण जरी पोटात गेला, तरी माझ्या लेकीचा घसा सुजतो आणि श्वास कोंडतो. म्हणून दुकानातलं आइस्क्रीम बंदच होतं. पण सातव्या वाढदिवसाला तिने हट्टच धरला. मग मी स्टीलचा स्कूप विकत आणला, उकळत्या पाण्यातून काढला, आतल्या फिरत्या पट्टीमागची फटसुद्धा ब्रशने घासली आणि पुसून कोरडा करून डब्यातून दुकानात नेला.

दुकानदाराला सगळं समजावून सांगितलं. भला माणूस! "काळजी करू नका ताई, मलाही दोन मुली आहेत," म्हणत त्याने व्हॅनिलाचा नवाकोरा सीलबंद डबा फोडला. तेवढ्यात मागे रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "काय एकेकाचे नखरे!" माझं डोकंच फिरलं. मी गर्रकन वळले आणि म्हटलं, "दवाखान्यात तिच्या नाकात नळ्या बघितल्या असत्यात, तर तोंड उघडलं नसतंत."

त्याला चांगलं सुनावून परत वळले, तर लेकीचं अर्धं आइस्क्रीम संपलंसुद्धा होतं. नाकाच्या शेंड्याला व्हॅनिला लागलं होतं. मला भरूनच आलं. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले! उलट तुमचा स्कूप कोरडा होता, तो मीच आधी पाण्यात बुडवून घेतला. हाताला सवयच आहे हो," तो हसून म्हणाला.



त्याने दाखवलेल्या पाण्याच्या भांड्यात काजू-बदामाचा स्कूप उभा होता.