ओली की कोरडी

क्लॅरीनं दुसरी मेंढी सोडली आणि ओले हात पँटला पुसले. पावसानं लोकर आतपर्यंत भिजली होती.

रिवाजाप्रमाणे सहाही कातरणाऱ्यांनी दोन-दोन मेंढ्या कातरून पाहिल्या होत्या. आता गुप्त चिठ्ठ्या टाकायच्या. 'ओली' जिंकली तर सगळ्यांना सुट्टी, 'कोरडी' जिंकली तर सगळे कामाला. सुट्टीच्या दिवसाची मजुरी नाही. ओली लोकर कातरली तर सांधे धरतात, ते वेगळंच.

"चला पुढारी," ग्लेन म्हणाला, "आज कुणाशी भांडायचं?"

बाकीचे हसले.

तीस वर्षं क्लॅरी कातरणाऱ्यांचा प्रतिनिधी होता. गाद्यांसाठी भांडला, शिळ्या मटणावरून भांडला. मागच्या आठवड्यात चहाच्या पाच मिनिटांवरून त्यानं ठेकेदाराला सगळ्यांदेखत झापलं. ठेकेदारानं उट्टं काढलं: शनिवारी गावात जाणारा ट्रकच बंद केला. तेव्हापासून क्लॅरीशेजारी जेवायला कोणी बसत नव्हतं. ताट घेऊन तो बाकाच्या टोकाला बसे, आणि पलीकडचे गप्पा मारत. भांडणाची सवय त्याला होती, या अबोल्याची नव्हती. रात्री पडल्या पडल्या त्याला रडू येई, या वयात.

आता पुरे, त्यानं ठरवलं. प्रत्येक विंचवाला ठेचायचं कशाला? पोरांना काम हवंय तर होऊ दे काम. सांधे काय, दुखतातच.

लोकर ओली असूनही चिठ्ठीवर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा 'कोरडी' लिहिलं, घडी घातली आणि टोपीत टाकली.

चिठ्ठ्या उघडायचं काम प्रतिनिधीचं. ठेकेदार दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

"ओली," क्लॅरीनं वाचलं. "ओली." तिसरीही ओली. चौथी त्याची स्वतःचीच होती. "कोरडी." मग उरलेल्या दोन. ओली, ओली.

ठेकेदार पाय आपटत निघून गेला. पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

ग्लेन येऊन क्लॅरीला खेटून बसला. आठवड्यात पहिल्यांदा.

"चुकलंच आमचं, म्हातारबा. सकाळी आम्ही पाचांनी शपथ घेतली होती, आज सगळ्यांनी 'ओली'च लिहायचं, तुला एकटं पाडायचं नाही," तो हळूच म्हणाला. "आमच्यातलाच एकजण फुटला. तू सगळ्यांना ओळखतोस. सांग, कोण असेल तो?"