छातीवरचे बिल्ले

लोणावळ्याच्या हॉटेलात रक्ततज्ज्ञांच्या संघाचं अधिवेशन भरलं होतं आणि सकाळपासून सातव्यांदा गंगीचं बोट टोचलं जात होतं.

"अहो, पोरीच्या अंगात आधीच रक्त नाही!" शालन नर्स म्हणाली.

"एकच थेंब, सिस्टर. अशा विळ्याच्या आकाराच्या पेशी रोज कुठं बघायला मिळतात?" सूक्ष्मदर्शकाखालची काच पुढं करत एक डॉक्टर म्हणाले.

प्रत्येकाला आपली वेगळी काच हवी होती. शेजाऱ्याच्या काचेतून बघितलं असतं तर जणू जात बाटली असती.

गंगी आठ वर्षांची, औंढ्याच्या वरच्या वाडीवरची. ओठ पांढरेफटक. आज संध्याकाळच्या आत एक बाटली रक्त चढलं नाही तर पोर हाती लागायची नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला ओ गटाचंच रक्त चालणार होतं. आई हिरी पोटुशी, बापाचं जुळेना, शालनचंही नाही. म्हणून शालन मायलेकींना इथं घेऊन आली होती. रक्तातले एवढे जाणकार एका छपराखाली, एक बाटली का मिळणार नाही? सुई, नळी, बाटली, सगळं तिनं पिशवीत आणलं होतं.

गट विचारायचीसुद्धा गरज नव्हती. संघानं मोठ्या हौसेनं प्रत्येकाच्या कोटावर बिल्ला लावला होता. वर नाव, खाली रक्तगट. चहाच्या वेळी शालननं अकरा ओ हेरले. पहिल्याला मधुमेह निघाला, दुसऱ्याला दुपारची गाडी गाठायची होती, तिसऱ्याला कालपासून सर्दी. आणि बघता बघता हॉलभर बिल्ले उलटे झाले! काय म्हणावं या मेल्यांना! अध्यक्ष तर सकाळीच रक्तदानावर तासभर बोलून टाळ्या घेऊन बसले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हिरीनं हळूच विचारलं, "बाई, ह्ये समदे रगताचेच डाक्टर ना?"

"हो गं."

"मंग एकाच्याबी अंगात रगात न्हाई व्हय?"



जेवणं उरकली आणि फोटोची वेळ झाली. पायऱ्यांवर तीन रांगा उभ्या राहिल्या. मधल्या खुर्चीत गंगीला बसवलं, तिच्या खांद्यावर अध्यक्षांनी हात ठेवला. फोटोग्राफर हौशीरामनं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं.

"सायेब, बिल्ले उलटे झाल्यात. नावं दिसू द्या की!"

नाव दिसणार म्हटल्यावर सगळे बिल्ले झटक्यात सरळ झाले.

"आता कुनी हलू नका!"

"हो, हलू नकाच," म्हणत शालन पुढं झाली आणि पहिल्या रांगेपासून खणखणीत आवाजात वाचायला लागली. "डॉक्टर केळुसकर, ओ. डॉक्टर दातीर, ओ. अध्यक्षसाहेब... तुम्हीपण ओ!"

अध्यक्षांचा हात गंगीच्या खांद्यावरून उचलला गेला आणि बिल्ल्यावर जाऊन बसला. तेवढ्यात हौशीरामनं खटका दाबला.

"छे, मी हललो," अध्यक्ष म्हणाले. "पुन्हा घ्या."

हौशीराम कॅमेरा तसाच सोडून शालनजवळ आला. त्यानं सदऱ्याची बाही वर सारली.

"फोटूचं मागनं बगू, बाई. माजा गट मला ठाव न्हाई. टोचा, जुळतंय का बगा."