बारीक शिट्टी

गाडीत नव्याने बसवलेल्या ॲम्प्लिफायरचा हिरवा दिवा लागला, तसं श्रीरंगने स्पीकरवर बोटं टेकली. कानाच्या डॉक्टरांनी गाड्यांत स्पीकर बसवायचं हे दुकान सोडायला सांगूनही तो थांबला नव्हता. वायर चुकीची ओढली गेली, तर ॲक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. ती बोटांना कळत नाही, आणि आता त्याच्या कानांनाही. त्यासाठी काउंटरवर बायको नलिनी बसे. शिट्टी आली, की पदर सारखा करी.

गिऱ्हाइकाने ॲक्सिलरेटर दाबला. नलिनीचा हात हलला नाही.

“झालं काम,” श्रीरंग म्हणाला.

“काका, चेष्टा करताय? केवढी शिट्टी वाजतेय.”

वायर बदलून गाडी वाटेला लावल्यावर तो नलिनीवर उखडला. “खुणावायला काय झालं होतं?”

“अहो, मलाच ऐकू आली नाही. दिवाळीपासून असंच चाललंय.”

“दुकान बंद करू,” श्रीरंग पुटपुटला. मग तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, “नलू, दुकान बंद करू.”