मोहितेसाहेबांचं घड्याळ

उड्डाणाआधी मनगटावरचं घड्याळ उतरवून मेकॅनिकच्या हाती द्यायचं आणि उतरल्यावर परत घ्यायचं, ही वैमानिक मोहितेसाहेबांची रीत. नऊ वर्षांपूर्वी बलूनमधून आभाळाच्या टोकाला निघाले तेव्हाही त्यांनी ते त्यांचे मेकॅनिक घोरपडे यांच्याकडेच दिलं होतं. साहेब परतले नाहीत. उरली ती आदल्या दिवशी घेतलेली, संगणकात साठवलेली त्यांच्या मेंदूची प्रत. लष्कराचं प्रत्येक नवं विमान आता तीच उडवून बघायची, आणि दर वेळी त्याच आदल्या दिवसात जागी व्हायची.

"घोरपडे, घड्याळ घेतलंस ना?" रिकाम्या कॉकपिटमधून आवाज यायचा.

"घेतलं, साहेब."

विमान थांबताच, साहेबांनी घड्याळ परत मागायच्या आत, बटण दाबून प्रत बंद करायचा हुकूम होता. आज, निवृत्तीच्या दिवशी, घोरपड्यांना ते दाबवेना.

"आण रे घड्याळ."

घोरपड्यांनी ते रिकाम्या खुर्चीपुढे धरलं. धरूनच राहिले.

"बलूनमधून मी परत आलो नाही, होय ना?"

"नाही आलात, साहेब."

"चावी देतोस त्याला?"

"रोज सकाळी."

"मग तुझ्याकडेच ठेव. आणि उद्या मी पुन्हा विचारेन. नव्या माणसाला सांगून जा, 'घेतलं' म्हणायचं."