ढब्बूने हिसका दिला नाही

पट्टा कोणाच्या हातात होता, हे विमा कंपनीच्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“माझ्या,” कुत्री फिरवणाऱ्या बाई म्हणाल्या.

“माझ्या,” आजोबा म्हणाले.

सुनेने डोळे मिटले. कालपासून तिने सासऱ्यांकडून सगळं घोकून घेतलं होतं. तुम्ही बागेकडे चालला होतात, समोरून कुत्रा आला, बाईंच्या हाताला हिसका देऊन तो अंगावर आला, तुम्ही पडलात. एवढंच बोलायचं. आजोबांनी दर वेळी मान डोलावली होती.

आता त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि तो हात मोडणारा ढब्बू त्यांच्याच पायांवर हनुवटी टेकून पडला होता. अंगाने वासराएवढा. त्याची मालकीण दातांची डॉक्टर. तिला सकाळी वेळ नसे, म्हणून तो आणि आणखी चार कुत्री या बाईंकडे फिरायला असत. साहेबांना कुत्रा प्रत्यक्ष बघायचा होता, म्हणून बाई त्याला घेऊन आल्या होत्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांना कळेल असं सांगितलं. पट्टा बाईंच्या हातात असेल, तर आजोबा रस्त्याने जाणारे तिऱ्हाईत. मग दवाखान्याचा खर्च कंपनी देणार. पट्टा आजोबांच्या हातात असेल, तर बाईंनी कुत्रा परक्या माणसाच्या ताब्यात दिला. मग खर्चही नाही आणि बाईंची पॉलिसीही रद्द. आणि पॉलिसी नसेल तर बागेत कुत्री सोडत नाहीत, हे बाईंना माहीतच आहे.

“आता सावकाश आठवा,” असं म्हणून त्यांनी पेन पुन्हा उचललं.

आजोबांना आठवायची गरज नव्हती. गेले दोन महिने औषधांच्या दुकानापासून बागेच्या फाटकापर्यंत ढब्बू रोज त्यांच्याच हातात असे. सुरुवात एका मिनिटाची होती. दुसऱ्या एका कुत्र्याने रस्त्यात घाण केली, ती उचलायला बाईंना दोन्ही हात हवे होते, आणि दुकानाच्या पायरीवर आजोबा रिकामे बसलेले दिसले. जरा धरता का, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आजोबा दहा मिनिटं आधीच पायरीवर हजर.

पण पट्ट्यापेक्षा त्यांना हिसका जास्त लागला होता. त्यांनी साहेबांना पहिल्यापासून समजावलं. महिनाभर मी त्याला बसायला शिकवत होतो. त्या दिवशी मी बस म्हटलं आणि तो बसला. पहिल्यांदा. तोही भर रस्त्यात, औषधवाल्याच्या देखत. मी आपला खुशीत पुढे चालतच राहिलो. पट्टा संपला, मी आडवा झालो. यात त्याने काय केलं?

कुत्र्याने सांगितलेलं ऐकलं, असा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. साहेबांनी पान उलटून पाहिलं, मागेही नव्हता.

“त्याला वाचता येत नाही, बाबा,” सून हळूच म्हणाली. “हिसका लिहिलं काय आणि न लिहिलं काय.”

“मला येतं,” आजोबा म्हणाले.

सासूबाई गेल्यापासून हा माणूस कशावरच अडून बसला नव्हता. भाजी कोणती करू विचारलं तरी काहीही चालेल म्हणायचा.

मग आजोबांनी तोडगा काढला. मला खर्च नको, तक्रारही नाही, कागद फाडून टाका. पण बागेच्या रखवालदाराने वहीत नोंद केली होती, त्यामुळे आता काहीतरी एक लिहावंच लागणार होतं. बागेने निकाल लागेपर्यंत बाईंची कुत्री फाटकाबाहेरच थांबवली होती.

इतका वेळ बाई खुर्चीच्या टोकावर बसून होत्या. त्या उठून आजोबांजवळ आल्या.

“काका, तुम्ही खरं सांगितलंत तर माझं काम गेलं. दुसरं बघीन मी काहीतरी. पण ढब्बू दिवसभर गच्चीत बांधलेला राहील. डॉक्टरीणबाई दुसरं काय करणार?”

आजोबांनी खाली पाहिलं. ढब्बूने एक डोळा उघडून परत मिटला.

“बाई म्हणतात तसं लिहा आणि वाचून दाखवा,” ते साहेबांना म्हणाले.

साहेबांनी लिहून वाचलं. कुत्रा अचानक हिसका देऊन अंगावर आल्यामुळे मी पडलो. पट्टा माझ्या हातात नव्हता. सदर कुत्र्याशी माझा कोणताही संबंध नाही.

शेवटचं वाक्य आजोबांनी परत वाचायला लावलं. मग चष्मा मागितला आणि ते स्वतः वाचलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून सही डाव्या हाताने करावी लागली. ती वाकडीतिकडी आली, दुसऱ्याच कोणाची तरी वाटावी अशी. आजोबांना तेवढंच बरं वाटलं.

साहेबांनी घाईने फॉर्म बॅगेत टाकला, जणू आजोबा तो परत मागतील. पण साहेब उठल्याबरोबर ढब्बूही उठला, दारापाशी गेला आणि उंबऱ्यावर आडवा पसरला. बाईंनी पट्टा ओढून पाहिला. सुनेने बिस्कीट दाखवलं. त्याने ते खाल्लं आणि परत मान टेकली. साहेबांनी एक पाय त्याच्यावरून पलीकडे टाकायचा विचार केला, मग त्याच्या जबड्याकडे पाहून तो पाय मागे घेतला.

“आजोबा, तुम्हीच सांगा बुवा त्याला.”

आजोबा चष्मा पुसत होते.

“आता मी कसं सांगू?” ते म्हणाले. “लिहून दिलंय.”

साहेब बॅग मांडीवर घेऊन परत खुर्चीत बसले.