सासूबाईंचा बर्फाचा नवस

१९९८ साली क्युबेकमध्ये पाऊस तारांवरच गोठला, विजेचे खांब आडवे झाले आणि आमची अख्खी वाडी कित्येक दिवस सासूबाईंच्या चुलीभोवती राहिली. तेव्हापासून दर जानेवारीत एका संध्याकाळी सासूबाई मुद्दाम मेन स्विच खाली ओढतात आणि शेजाऱ्यांना चुलीवरचं वाटाण्याचं सूप वाढतात. हल्ली सगळ्यांचे मोबाईलही पावाच्या डब्यात कोंडतात.

परवाही तेच. बाहेर पावसाची बारीक तडतड, आत मेणबत्त्या. "बिअर गोठू नये म्हणून आपण ती फ्रिजमध्ये ठेवायचो!" शेजारच्या एर्वेकाकांनी दरवर्षीचा किस्सा सांगितला आणि दरवर्षीसारखेच आम्ही पोट धरून हसलो.

"काय सोन्यासारखे दिवस होते!" सासूबाईंनी डोळे पुसले. "या मेल्या विजेनं माणसं तोडली. पुन्हा तस्सा बर्फ पडला ना, तर संत अ‍ॅनला हातभर लांब मेणबत्ती लावीन!"

सूप संपलं. मी स्विच वर केला. दिवा लागेना. पुन्हा खाली, पुन्हा वर. छे! मेणबत्ती घेऊन खिडकीशी गेले, तर रस्ताभर अंधार आणि कुंपणाच्या तारेवर बोटभर जाड बर्फ.

"रोलांदवहिनी," एर्वेकाका सासूबाईंना उद्देशून आनंदानं ओरडले, "पावली हो तुमची संत अ‍ॅन!"



सासूबाई तोवर पावाच्या डब्यातला मोबाईल काढून वीज कंपनीवर खेकसत होत्या, "अहो, झोपलात का सगळे? आठला माझी मालिका आहे!"