पिवळा ठिपका

पदवीच्या जीवशास्त्र प्रकल्पासाठी सुन्निवा तीन वर्षं फ्योर्डच्या अरुंद खाडीकाठच्या एका खडकावरचं दगडफूल मोजत होती. वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढायचं ते. कुणी हात लावू नये म्हणून तिने शेजारी पिवळा ठिपकाही दिला होता. शेवटचं माप घ्यायला गेली, तर खडकाचा तेवढाच तुकडा कुणीतरी फोडून नेलेला! "तीन वर्षं पाण्यात गेली गं, इंगविल्ड!" मैत्रिणीच्या गळ्यात पडून ती ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी भूशास्त्राची तोंडी परीक्षा. सरांनी घासूनपुसून लख्ख केलेला दगड तिच्यापुढे ठेवला. "चेहरा का पडलाय गं? सोपा आहे, ओळख. नमुना इथलाच घ्या म्हणून कुणीतरी पिवळा ठिपकाच देऊन ठेवला होता!"


सुन्निवाने दगड अचूक ओळखला.